सडा उतरायच्या आधी फोटोतली जागा तपासा

मार्च महिन्यात शेजारच्या गावातल्या एका कॉलेजच्या मुलीने मला व्हॉट्सअ‍ॅपवर चौदा फोटो पाठवले. कातळावर कोरलेला मासा, त्याच्या शेपटीला लागून एक चौकोन आणि चौकोनात नागमोडी रेघांची दाटी. बघताक्षणी मी खुर्चीवरून उठलो. आमच्या राजापूर तालुक्यात सड्यांवर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारांवर, कातळशिल्पं कमी नाहीत, पण ही आकृती माझ्या वहीत नव्हती. लगेच फोन लावला.

"बाय, जागा कुठली ही?"

"काका, वरच्या सड्यावर. गुरं शोधायला गेले होते तेव्हा दिसली."

"सडा चार किलोमीटर पसरलाय. नेमकी कुठं?"

"फोटोत लोकेशन येतंच की आपोआप. बघा ना."

बघितलं. चौदापैकी एकाही फोटोत जागा नव्हती. तिचं म्हणणं चुकीचं नव्हतं. तिच्या फोनमध्ये ती होती, माझ्यापर्यंत येताना गळली. हे इतक्या वेळा घडताना बघितलंय की आता सगळं एकदा नीट लिहून काढायचं ठरवलं.

मी तीस वर्षं मोजणीवर होतो. भूकरमापक. साखळी ओढण्यापासून उपग्रहाचं यंत्र खांद्यावर घेण्यापर्यंत सगळं केलं. हद्दीचा दगड एक हात सरकला तर दोन भावांचं बोलणं बंद होतं, हे डोळ्यांनी पाहिलेला माणूस आहे मी. निवृत्तीनंतर कातळशिल्पांच्या मागे लागलो, तेव्हा साखळीची जागा फोनने घेतली. पण जागेबद्दलची काळजी तीच राहिली.

सड्यावर जागा हरवणं म्हणजे काय, हे ज्याने सडा पाहिला नाही त्याला सांगावं लागतं. जांभ्याचा सपाट, काळपट कातळ नजर जाईल तिथपर्यंत. झाड नाही, घर नाही, असला तर कुठे पडका गडगा, म्हणजे रचलेल्या दगडांचं कुंपण. पाचशे पावलं चाललात की मागचं सगळं पुढच्यासारखंच दिसतं. त्यात पाऊस सुरू झाला की कातळावर आधी दीपकाडी फुलते, मग गवत उभं राहतं आणि दिवाळीपर्यंत रेघा त्याखाली गडप. कशेळीचा हत्ती जवळपास १८ मीटर लांब आहे, तो कोणीही दाखवेल. पण दोन हात लांबीचा मासा एकदा गवतात गेला की तिथे परत नेणारा एकच धागा उरतो. तुम्ही काढलेल्या फोटोतली जागा.

२०२२ साली कोकणातली कातळशिल्पं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. त्यात नऊ ठिकाणं आहेत. आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातली कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू, देवाचे गोठणे, जांभरुण आणि उक्षी, सिंधुदुर्गातलं कुडोपी आणि एक गोव्यातलं. बाकीची असंख्य अजून कुठल्याच यादीत नाहीत. ती सापडतात गुराख्यांना, आंब्याच्या राखणदारांना, अशा कॉलेजच्या मुलींना. म्हणून हे त्यांच्यासाठी. वादळानंतर पडलेल्या कलमांचे फोटो काढणाऱ्या बागायतदारांनाही यातलं बरंच उपयोगी पडेल. मे २०२१ च्या तौक्ते वादळानंतर कितीतरी जणांकडे नुकसानीचे फोटो होते, पण कुठलं झाड कुठल्या गटातलं हे फोटोवरून सांगता येत नव्हतं.

जागा नेमकी कुठे लिहिलेली असते

फोनने फोटो काढला की चित्राबरोबर त्याच फाइलमध्ये एक छोटी नोंद बसते. तिला एक्झिफ म्हणतात. फोटोचा सातबाराच समजा. कुठल्या फोनने काढला, किती वाजता, आणि परवानगी दिलेली असेल तर कुठल्या अक्षांश-रेखांशावर. शिवाय समुद्रसपाटीपासूनची उंची आणि बऱ्याच फोनांत कॅमेऱ्याचं तोंड कुठल्या दिशेला होतं तेही.

ती बघायची कशी? गॅलरीत फोटो उघडून वर सरकवा किंवा गोलातल्या 'आय' खुणेवर बोट ठेवा. नकाशा किंवा आकडे दिसतील. पण गुगल फोटोजवर डोळे मिटून विसंबू नका. फोटोत जागा नसली तर ते अ‍ॅप कधीकधी चित्रात दिसणाऱ्या ओळखीच्या ठिकाणावरून स्वतःच अंदाज बांधून दाखवतं. तो अंदाज फाइलमध्ये लिहिलेला नसतो. खात्री हवी असेल तर फोटो वायरने संगणकावर घ्या. विंडोजमध्ये फाइलवर उजवी क्लिक, प्रॉपर्टीज, मग डीटेल्स. खाली जीपीएस नावाचा भाग असेल तर नोंद आहे. तो भागच नसेल तर नाही. तिथे आकडे १६; ३९; ३० असे अर्धविराम देऊन लिहिलेले असतात. म्हणजे १६ अंश, ३९ मिनिटं, ३० सेकंद. हे लक्षात ठेवा, पुढे त्याचंच रामायण सांगणार आहे.

नोंदच नसेल तर

याची कारणं थोडी आणि सोपी आहेत.

पहिलं, फोनचं लोकेशनच बंद. बॅटरी वाचवायला लोक ते बंद ठेवतात आणि सड्यावर गेल्यावर चालू करायचं राहून जातं.

दुसरं, लोकेशन चालू, पण कॅमेऱ्याला परवानगी नाही. नवीन फोनवर कॅमेरा पहिल्यांदा उघडला की तो विचारतो, जागा वापरू का? घाईत आपण 'नको' दाबतो. किंवा 'फक्त आत्तापुरतं' दाबतो आणि पुढच्या वेळी आहे असं धरून चालतो. अँड्रॉइडमध्ये दोन गोष्टी बघायच्या. एक, फोनच्या सेटिंगमध्ये कॅमेरा अ‍ॅपची लोकेशनची परवानगी. दोन, कॅमेऱ्याच्या स्वतःच्या सेटिंगमधलं बटण. त्याला कुठे 'लोकेशन टॅग्ज' म्हणतात, कुठे 'सेव्ह लोकेशन'. दोन्ही चालू हवीत. आयफोनमध्ये सेटिंग, प्रायव्हसी, लोकेशन सर्व्हिसेस, तिथे कॅमेरा, आणि 'वापरताना' हा पर्याय.

त्याच पानावर 'प्रिसाइज लोकेशन' नावाचं बटण असतं. ते बंद असेल तर फोन मुद्दाम ढोबळ जागा देतो, एखाद-दुसऱ्या किलोमीटरच्या किंवा त्याहून मोठ्या फरकाची. फोटोत जागा आहे, गाव बरोबर आहे, पण ठिपका भलत्याच वाडीत, असं झालं तर आधी हे बटण बघा.

तिसरं कारण तरुण मुलांच्या लक्षात येत नाही. व्हॉट्सअ‍ॅप उघडून त्याच्यातल्याच कॅमेऱ्याने फोटो काढला तर त्यात जागा नसतेच. आधी फोनच्या कॅमेऱ्याने काढा, पाठवायचं मग बघा. स्क्रीनशॉटचंही तसंच. फोटोच्या स्क्रीनशॉटमध्ये फोटोची जागा येत नाही.

नोंद आहे, पण चुकीची

माझ्या मते हे सगळ्यात घातक. जागा नसलेला फोटो बघून माणूस निदान विचारतो तरी. चुकीची जागा असलेल्या फोटोवर तो विश्वास ठेवतो.

असा एक कातळ मी स्वतः हरवून बसलो होतो. काही वर्षांपूर्वीची गोष्ट. एका राखणदाराने सांगितलं म्हणून भर एप्रिलच्या उन्हात मोटरसायकलने सड्यावर गेलो. वाटेत तिठ्यावर चहा घेतला होता. सड्यावर उतरलो, आकृती दिसली आणि मला राहवलं नाही. गाडी स्टँडवर लावून तसेच धडाधड फोटो काढले. पाच-सहा मिनिटांत काम आटोपून निघालो, कारण दुसरीकडे पोचायचं होतं. रात्री घरी बघतो तर सगळे फोटो तिठ्यावरच्या चहाच्या टपरीवर. आकृती जिथे होती तिथला एकही नाही. पुढच्या रविवारी जाऊ म्हटलं, तर घरात आजारपण आलं, मग वळवाचा पाऊस, मग गवत. ती आकृती मला पुढच्या वर्षी, चौथ्या खेपेला सापडली.

झालं होतं ते असं. फोनला उपग्रहांवरून स्वतःची जागा ठरवायला किमान चार उपग्रहांचे संदेश लागतात. आपण आत्ता कुठे आहोत याची बारीक माहिती प्रत्येक उपग्रह पाठवत असतो आणि ती एकदा पूर्ण मिळायलाच ३० सेकंद लागतात. मोबाइलला रेंज असेल तर फोन ही माहिती इंटरनेटवरून आधीच उचलतो, म्हणून शहरात ठिपका चटकन लागतो. सड्यावर रेंज नाही. तिथे फोनला सगळं आकाशातून घ्यावं लागतं आणि मिनिट-दोन मिनिटं सहज जातात. कॅमेरा मात्र थांबत नाही. त्याला जागा विचारली की फोन शेवटची माहीत असलेली जागा पुढे करतो. माझ्या बाबतीत ती चहाची टपरी होती. खिशात असताना फोन वाटभर झोपला होता.

रेंज असली तरी निर्धास्त राहू नका. उपग्रह दिसत नसेल तेव्हा फोन मोबाइलच्या टॉवरवरून अंदाज करतो, आणि आपल्याकडे टॉवर लांब लांब. तो अंदाज किलोमीटरच्या हिशेबात चुकतो. दाट पोफळीच्या बागेत, खोल वहाळात किंवा जांभ्याच्या जाड भिंतींच्या देवळात हे फार होतं. सडा त्या बाबतीत उत्तम, कारण डोक्यावर सगळं आकाश मोकळं. मोकळ्या आकाशाखाली साधा स्मार्टफोन साधारण पाच मीटरच्या आत जागा सांगतो. मोजणीसाठी ते पुरत नाही, पण मासा सापडायला भरपूर.

म्हणून सड्यावर पोचल्यावर मी आता काय करतो ते सांगतो. आधी कॅमेरा नाही, नकाशाचं अ‍ॅप. निळा ठिपका येतो, त्याच्याभोवती फिकट निळं वर्तुळ असतं. ते वर्तुळ म्हणजे फोनची शंका. ते मोठं असेल तोवर फोनला खात्री नाही. फोन हातात उघडा धरून उभं राहायचं. खिशात नाही, पिशवीत नाही, छत्रीखाली नाही. वर्तुळ आकसत आकसत ठिपक्याला चिकटलं की मग कॅमेरा. नकाशा रेंज असताना आधीच उतरवून ठेवला तर बिनरेंजचाही दिसतो. विमान मोडवर टाकला तरी बहुतेक फोनांतलं उपग्रहाचं काम चालू राहतं, फक्त ठिपका लागायला वेळ जास्त लागतो.

पहिला फोटो आकृतीचा काढत नाही. वहीचं पान काढतो. पानावर तारीख, वेळ, गाव, सड्याचं नाव आणि नकाशावर दिसणारे अक्षांश-रेखांश मोठ्या अक्षरात लिहिलेले. आकृतीच्या शेजारी पान ठेवून फोटो. मग तिथेच उभं राहून तो फोटो उघडून त्यातली जागा पानाशी ताडून बघतो. जुळली की पुढचे फोटो. शेवटी चारी दिशांना उभे चार फोटो, क्षितिजासकट. लांबचा मोबाइल टॉवर, एखादा वड, खाडीची रेघ, जे दिसेल ते. आकडे गेले तरी हे चार फोटो माणसाला शंभर पावलांपर्यंत आणून सोडतात. याला पाच मिनिटं जास्त लागतात. चार खेपांच्या मानाने ती काहीच नाहीत.

जुन्या फोटोंमधली जागा शिळी आहे का हे ओळखायचीही एक खूण आहे आणि ती मला फार उपयोगी पडली. एक्झिफमध्ये दोन वेळा असतात. एक फोनच्या घड्याळाची आणि एक उपग्रहाकडून जागा घेतली त्या क्षणाची. ही दुसरी जागतिक वेळेत असते, म्हणजे आपल्या वेळेच्या साडेपाच तास मागे. फोटो सकाळी १०:४२ चा असेल तर उपग्रहाची वेळ ०५:१२ च्या आसपास हवी. माझ्या टपरीवाल्या फोटोंत ती ०४:२० होती. म्हणजे जागा बावन्न मिनिटं शिळी. बहुतेक फोनांत हे ताडून बघता येतं, मात्र गॅलरीत ही वेळ दिसत नाही. एक्झिफ पूर्ण उघडून दाखवणारं अ‍ॅप घ्या किंवा संगणकावर एक्झिफटूल वापरा. ते फुकट आहे. आणि पहाटे साडेपाचच्या आधीचा फोटो असेल तर उपग्रहाची तारीख आदल्या दिवसाची दिसते. ती चूक नव्हे.

दिशेचं वेगळं प्रकरण

देवाचे गोठण्याच्या सड्यावर होकायंत्र भलतीकडे वळतं. मी स्वतः फोन कातळाजवळ नेऊन, उचलून, परत नेऊन पाहिलंय. नकाशावरचा बाण वेड्यासारखा फिरतो. बरोबरच्या मुलांना वाटलं, जागाही चुकत असणार. तसं नाही. जागा उपग्रहांवरून ठरते, दिशा फोनमधल्या चुंबकाच्या संवेदकावरून. कातळाने होकायंत्र फिरलं तरी ठिपका जिथे आहे तिथेच राहतो. मात्र तिथल्या फोटोंत लिहिलेली दिशा मी धरत नाही. सकाळची सावली कुणीकडे पडली ते वहीत लिहितो.

चुंबक असलेलं फोनचं कव्हर आणि मोटरसायकलवरचा चुंबकी धारकही हाच घोळ करतात. फोन काढून हवेत इंग्रजी आठच्या आकड्यासारखा चार वेळा फिरवला की होकायंत्र बरंचसं ताळ्यावर येतं.

पाठवताना गळते ती जागा

आता त्या मुलीचं प्रकरण. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवलेला फोटो लहान करून जातो आणि त्यातली जागा, वेळ, सगळी नोंद काढून टाकली जाते. ते तुमच्या भल्यासाठीच आहे. एरवी लग्नाच्या फोटोबरोबर घराचा पत्ता गावभर गेला असता. पण आपल्याला नोंद हवी असते तेव्हा मार्ग वेगळा. पेपरक्लिपची खूण दाबा, 'डॉक्युमेंट' निवडा आणि तिथून फोटोची फाइल उचला. अशी पाठवलेली फाइल जशीच्या तशी पोचते. ईमेलला मूळ फाइल जोडली तरी चालतं. आयफोनवरून पाठवताना वर 'ऑप्शन्स' दिसतं, तिथे लोकेशन चालू आहे ना ते बघा.

फोनवरच्या ब्राउझरमधून एखाद्या अर्जाला फोटो जोडायचा असेल तर सावध. अँड्रॉइड १० पासून अ‍ॅपला वेगळी परवानगी असल्याशिवाय फोन त्याला फोटोतली जागा दाखवत नाही. फोटो पोचतो, जागा पुसून. अशा वेळी फाइल संगणकावर घेऊन तिथून जोडलेली बरी.

फोटोवरच आकडे छापणारी अ‍ॅपं आता सगळीकडे वापरतात, रस्त्याच्या कामांपासून शाळेच्या झाडांपर्यंत. त्यांचा फायदा हा की आकडे चित्राचाच भाग होतात, व्हॉट्सअ‍ॅपने पुसले जात नाहीत. पण छापलेला आकडासुद्धा शिळा असू शकतो. आणि कातळशिल्पाच्या फोटोवर खालच्या बाजूला पट्टी आली तर तिथल्या रेघा कायमच्या झाकल्या जातात. मी एक फोटो पट्टीचा काढतो, बाकीचे कोरे.

गेलेली जागा परत बसवणं

मूळ फाइल कुठेच उरली नसेल तर जागा जादूने परत येत नाही. पण बऱ्याचदा काहीतरी उरलेलं असतं.

आधी मूळ फोन शोधा. ज्याने फोटो काढला त्याच्या फोनमध्ये, त्याच्या गुगल फोटोजमध्ये, जुन्या मेमरी कार्डात. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या प्रतीला चिकटून बसू नका, ती निव्वळ नक्कल आहे. मग त्याच दिवसाचे शेजारचे फोटो बघा. १०:४२ च्या फोटोत जागा नाही, पण १०:४६ च्या फोटोत आहे आणि मधल्या चार मिनिटांत तुम्ही हलला नव्हता, तर तीच जागा धरता येते. त्या दिवशी फोनमध्ये एखादं ट्रॅक नोंदवणारं अ‍ॅप चालू असेल तर आणखी उत्तम. त्याची जीपीएक्स फाइल आणि फोटोंच्या वेळा डिजीकॅम (फोटो सांभाळणारा संगणकावरचा प्रोग्रॅम) किंवा एक्झिफटूल जुळवून देतं. इथे पुन्हा तेच साडेपाच तास. ट्रॅकची वेळ जागतिक, फोटोची भारतीय. फरक सांगितला नाहीत तर सकाळी सड्यावर काढलेले फोटो तुम्ही दुपारी ज्या एसटीत होतात तिथे जाऊन बसतात.

यातलं काहीच नसेल तर नकाशाच्या उपग्रह-चित्रावर माग काढावा लागतो. कातळावरच्या पाण्याच्या डबक्यांचे आकार, गडग्याचं वळण, पायवाटेची फाटी हे वरून दिसतं. जागा ओळखली की बोट दाबून धरा, आकडे येतील. डिजीकॅममध्ये ते फोटोला देता येतात. गुगल फोटोजमध्येही जागा घालता येते, पण ती मूळ फाइलमध्ये जात नाही, त्या अ‍ॅपपुरतीच राहते. आयुष्यभराची नोंद करायची तर फाइलमध्येच लिहा.

आणि अशी हाताने घातलेली जागा फोटोच्या टिपणात 'अंदाजे' म्हणून नोंदवा, कशावरून ठरवली तेही लिहा. मोजणीच्या कागदांत कुठला बिंदू प्रत्यक्ष मोजला आणि कुठला गावकऱ्यांनी दाखवला हे वेगळं दाखवल्यामुळे मी कितीतरी भांडणं मिटताना पाहिली आहेत. इथेही तीच शिस्त हवी.

आकड्यांतली फसवणूक

मघाशी म्हटलं ते रामायण हे. राजापूर शहराच्या जवळचा एक बिंदू घ्या, १६ अंश ३९ मिनिटं ३० सेकंद उत्तर, ७३ अंश ३१ मिनिटं १२ सेकंद पूर्व. कोणीतरी घाईत हे १६.३९३० आणि ७३.३११२ असं लिहितं. नकाशात टाकलं की ठिपका देवगडच्या पश्चिमेला भर समुद्रात. कारण मिनिटं म्हणजे दशांश नव्हेत. मिनिटांना ६० ने, सेकंदांना ३६०० ने भागून अंशात मिळवायचं. खरं उत्तर १६.६५८३ आणि ७३.५२००. दोन्हींत अक्षांशाचाच फरक २९ किलोमीटरहून जास्त पडतो.

आकड्यांची अदलाबदल झाली, म्हणजे ७३ आधी आणि १६ नंतर, तर ठिपका नॉर्वेच्या उत्तरेच्या समुद्रात जातो. पूर्वेच्या जागी पश्चिम झालं तर हैतीच्या दक्षिणेला कॅरिबियनमध्ये. आणि ठिपका आफ्रिकेच्या पश्चिमेला गिनीच्या आखातात दिसला तर समजा की शून्य-शून्य लिहिलं गेलंय, फोनला जागा मिळालीच नव्हती. कोकणातला अक्षांश साधारण १५ च्या मध्यापासून २० च्या जरा पुढपर्यंत, रेखांश ७२ च्या मध्यापासून ७४ च्या जरा पुढपर्यंत. वहीच्या पहिल्या पानावर हे लिहून ठेवा.

दशांशानंतर किती अंक? तीन अंकांत १०० मीटरचा घोळ राहतो. गवत वाढलेल्या सड्यावर १०० मीटर म्हणजे दिवसभराची पायपीट. चार अंकांत ११ मीटर, पाच अंकांत साधारण एक मीटर. मी पाच लिहितो, फोनची स्वतःची चूक पाच मीटर असली तरी. माझ्या लिहिण्याने तीत भर नको.

कधी पुसायची

सगळी जागा सगळ्यांना द्यायची नसते. रस्त्यालगतच्या, कुंपण घातलेल्या कातळशिल्पाचं ठिकाण सांगायला हरकत नाही. पण उघड्या सड्यावरची, कोणाचंच लक्ष नसलेली आकृती फेसबुकवर आकड्यांसकट टाकली की आठवड्यात तिथे गाड्यांची चाकं फिरलेली आणि रेघांत खडू भरलेला मी पाहिला आहे. धनेशाच्या ढोलीचं, कासवाच्या घरट्याचं तसंच. गावच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकायचा फोटो साधा फोटो म्हणून पाठवा, नोंद आपोआप पुसली जाते. मूळ फाइल दोन ठिकाणी जपा आणि आकडे त्यालाच द्या ज्याला तिथे काम आहे. जमीन खाजगी असेल तर मालकाला आधी विचारा.

त्या मुलीला मी हे सगळं फोनवर सांगितलं नाही. फक्त म्हटलं, तेच फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठव. अर्ध्या तासात चौदा फाइली आल्या. पहिल्या तिघांची जागा तिच्या घराची पडवी. उरलेल्या अकरा एकमेकींपासून सहा मीटरच्या आत, सड्याच्या उत्तर टोकाला, एका कोरड्या डबक्याच्या शेजारी. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला तिच्या वडिलांना घेऊन आम्ही वर गेलो. निळं वर्तुळ आकसेपर्यंत ती फोन तळहातावर धरून उभी होती. मग तिने वही मांडीवर घेतली, आकडे लिहिले, पान माशाच्या शेपटीशी ठेवलं आणि ते वाऱ्याने उडू नये म्हणून वर जांभ्याचा एक खडा ठेवला.